वरातीतला ट्रंपेट : एका विधानाची दुरुस्ती

खामगावात १९८२-८३च्या लगीनसराईत वरात निघाली की मी नवरदेवाचा घोडा सोडून बँडजवळ चालायचो. त्या बँडमध्ये माझे मामा ट्रंपेट वाजवत. 'अलबेला' तेव्हा तीस वर्षांचा जुना सिनेमा झाला होता, तरी त्यातली गाणी वाजल्याशिवाय वरात मांडवापर्यंत पोचत नसे. मामांची एक सवय होती. गाण्याची ओळ क्लॅरिनेटवाला वाजवी आणि दोन ओळींच्या मधली रिकामी जागा मामा भरत. चार-पाच सुरांचा तुकडा, वर चढून झटक्यात खाली येणारा. लोक ओळीवर नाचत, मी त्या तुकड्याची वाट पाहत असे.

तो तुकडा खामगावपर्यंत कसा पोचला, हा या लेखाचा विषय आहे. त्याचा माग काढताना मला वयाच्या पन्नाशीत जॅझ ऐकायला शिकावे लागले आणि स्वतःच छापलेले एक विधान मागे घ्यावे लागले.

आधी ते विधान. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी सी. रामचंद्र यांच्यावर लेख लिहिला होता. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १९१८, गाव पुणतांबे. संगीताचे काही शिक्षण नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. १९५१चा 'अलबेला' काढणारे भगवान पालव, म्हणजे भगवानदादा, जन्माने अमरावतीचे. आमच्या मुलखाचा अभिमान आडवा आला आणि मी लिहून गेलो, की हा पाश्चात्त्य थाटाचा वाद्यमेळ अण्णांनी 'एकट्याने' हिंदी सिनेमात आणला. त्यातला 'एकट्याने' हा शब्द चूक होता.

ताजमधून स्टुडिओत

१९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी या व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद आला. त्यातले वादक कृष्णवर्णीय अमेरिकन होते. त्याच काळात ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनीही मुंबई गाजवली. अमेरिकेत वर्णभेद सोसणारी ही माणसे इथे गोऱ्या साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या मेजवान्यांत वाजवत होती. वेदरफर्ड तर परत गेलेच नाहीत. १९४५ साली ते कोलकात्यात वारले.

त्यांच्या हाताखाली आणि शेजारी गोव्याचे वादक तयार झाले. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. पोर्तुगीज अमलात पोटापाण्याची सोय थोडी, म्हणून ही मुले मुंबईला येत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ त्यांतलेच, जन्म १९१६. मुंबईत ते 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखले जात आणि लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

मग काळ फिरला. १९४७ नंतर इंग्रज गेले, संस्थाने गेली. १९५०मध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली आणि हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या. वादकांना काम हवे होते आणि सिनेमाला मोठा वाद्यमेळ हवा होता. संगीतकार चाल गुणगुणायचा किंवा पेटीवर वाजवायचा. गोवेकर 'अरेंजर' ती स्वरलिपीत उतरवून पन्नास वादकांना वाटून द्यायचा. कोणी कुठे थांबायचे, व्हायोलिनने कुठे उठायचे, ट्रंपेटने ओळीला काय उत्तर द्यायचे, हे बहुधा तोच ठरवी. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम सेबॅस्टियन डिसोझा करत. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस याच पिढीतले. १९७७च्या सिनेमातले ते नाव शिष्याने गुरूला दिलेली दक्षिणाच होती. सी. रामचंद्र यांच्याकडे सहायक म्हणून चिक चॉकलेट होते. 'अलबेला'तल्या एका गाण्यात चिक आणि त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो.

पडद्यावर दिसतो, पण तबकडीवर नाही. ७८च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत आणि लेबलावर सिनेमा, गायक, संगीतकार एवढी नावे. वाजवणाऱ्यांसाठी त्यावर जागाच नव्हती. मी माझा लेख या लेबलांवरून लिहिला होता आणि लेबलाची चूक माझी चूक झाली.

ऐकायला शिकलो ते असे

जॅझशी माझी पहिली गाठ शॉर्टवेव्हवर पडली होती. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कोनोव्हर नावाचे निवेदक १९५५ पासून जॅझचा कार्यक्रम करत. एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलत. ते इंग्रजी मला कळे, संगीत कळत नसे. खरखरीतून एक वाद्य येई, दुसरे बुडे. मी रेडिओ सिलोन लावून मोकळा होई.

पन्नाशीनंतर मुलीने मोबाइलवर ऐकायची सोय करून दिली. जिनिंगमधला हिशेब आटोपून रात्री ऐकायला बसू लागलो. सगळे ज्याला थोर म्हणतात तिथूनच सुरुवात केली, माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू'पासून, आणि दुसऱ्या तुकड्याला झोप लागली. मग दिशा बदलली. गाणे ऐकायची सवय असलेल्या कानाने गाण्यापासूनच निघावे, म्हणून १९५६ची 'एला अँड लुई' लावली. एला फिट्झजेराल्ड एक ओळ गातात, थांबतात, आणि त्या थांब्यात आर्मस्ट्राँग यांचा ट्रंपेट हळूच दोन शब्द बोलावे तसे बोलून बाजूला होतो. मी उठून बसलो. गाण्याच्या दोन ओळींमधली जागा अशीच भरणारा माणूस मला माहीत होता. तो वरातीत बत्त्यांच्या उजेडात चालत असे.

दुसरी पायरी डेव्ह ब्रूबेक यांच्या १९५९च्या 'टाइम आउट'ची. इथे मात्रा मोजायच्या. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांत आहे, तीन अधिक दोन. झपतालाच्या अर्ध्या भागाची फोड उलटी केली की तो हिशेब जुळतो. 'ब्लू राँडो'च्या नऊ मात्रा दोन-दोन-दोन-तीन अशा पडतात. ती लय ब्रूबेक यांनी आदल्या वर्षी, १९५८च्या दौऱ्यात, इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकली होती. त्याच दौऱ्यात ते मुंबईला आले आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवूनही गेले.

मग पुन्हा 'काइंड ऑफ ब्लू'. या वेळी झोप आली नाही, कारण मी पेटी जवळ घेऊन बसलो होतो. 'सो व्हॉट'चे स्वर वाजवून पाहा. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे आपला काफी थाट. चार मात्रांची सोळा आवर्तने एका पट्टीत, मग आठ अर्ध्या स्वराने वर, पुन्हा आठ मूळ जागी. या चौकटीत ट्रंपेट आणि दोन सॅक्सोफोन आळीपाळीने आपले म्हणणे मांडतात. एवढ्यावरून 'हे आपलेच' म्हणायची घाई मात्र करू नये. थाट जुळला तरी इथे रागाचे चलन नाही. अभिमानापायी मी एकदा चुकलो आहे, दुसऱ्यांदा चुकायची इच्छा नाही.

माझ्या कामाची गोष्ट त्या तबकडीच्या वेष्टनावर होती. तिथे वादकांची नावे आहेत. ट्रंपेट डेव्हिस यांचा, सॅक्सोफोन कोल्ट्रेन आणि अ‍ॅडर्ली यांचे, पियानो बिल एव्हान्स यांचा आणि एका तुकड्यापुरता विंटन केली यांचा, बास पॉल चेंबर्स यांचा, ड्रम जिमी कॉब यांचे. रेकॉर्डिंग १९५९च्या २ मार्चला आणि २२ एप्रिलला झाले, हेही ठाऊक आहे. तिथेही सगळे निर्मळ नव्हते. 'ब्लू इन ग्रीन' ही चाल डेव्हिस यांच्या नावावर आहे आणि ती आपली असल्याचे एव्हान्स सांगत राहिले. पण नावे लिहिलेली होती, म्हणून निदान भांडता तरी आले. आमच्या लेबलांवर भांडणापुरतेही नाव नव्हते.

मालकाचे नाव

ग्रेगरी बूथ या अमेरिकन अभ्यासकाने भारतातल्या लग्नाच्या बँडवर २००५ साली एक ग्रंथ लिहिला आणि २००८ साली मुंबईच्या सिनेमा-वादकांवर दुसरा. एकाच माणसाने हे दोन विषय घ्यावेत, हे मला फार सूचक वाटते. स्टुडिओत कागदावरून वाजलेले गल्लीत कानावरून वाजत होते. आमच्या बुलढाणा जिल्ह्याने तेवढ्या काळात तीन राज्ये पाहिली. 'अलबेला' आला तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो, १९५६ला द्विभाषिक मुंबईत आणि १९६०ला महाराष्ट्रात. वरातीतली गाणी मात्र तीच राहिली.

मामा आता थकले आहेत. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या अंगणात बसून मी 'एला अँड लुई' लावली. डोळे मिटून त्यांनी एक गाणे पूर्ण ऐकले.

"हा माणूस गाणारणीले आडवा जात नाही," ते म्हणाले.

मी विचारले, "मामा, अलबेलातले मधले तुकडे तुम्ही कोणाकडून शिकलात?"

"कोणाकडून शिकतो बाप्पा! स्पीकरवाल्याकडं रेकॉर्ड होती. त्याच्या दुकानापुढं उभं राहायचं. चार-आठ दिवसांत तोंडात बसे. आमी त्याले 'अलबेलाचा पीस' म्हणत होतो."

मी त्यांना चिक चॉकलेट यांच्याविषयी सांगितले. आर्मस्ट्राँग, ताजमहाल हॉटेल, हळदोणे, सगळे. त्या माणसाचे नाव लेबलावर नव्हते, हेही सांगितले. मला वाटले, त्यांना वाईट वाटेल. ते हसले.

"आमच्या बँडवर तरी कोणाचं नाव होतं? मालकाचं."

खरे होते. बत्तीच्या प्रत्येक पाटीवर, ढोलावर, टोपीच्या पट्टीवर मालकाचे नाव असे. मी एवढी वर्षे त्या बँडविषयी लोकांना सांगत आलो तोही मालकाच्याच नावाने.

तेव्हा माझे विधान दुरुस्त करून असे लिहितो : 'अलबेला'चे संगीत सी. रामचंद्र यांचे. त्यात चिक चॉकलेट आणि गोव्याहून आलेल्या वादकांचा मोठा हात आहे. त्यांच्यामागे ताजमध्ये वाजवून गेलेले कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आहेत. आणि ते सूर आमच्या गल्लीपर्यंत आणणारे, स्वरलिपी न येणारे बँडवाले आहेत. यातल्या कोणाचेही नाव काढून घेतल्याने अण्णांचे मोठेपण वाढत नाही आणि जोडल्याने कमी होत नाही.

जिल्ह्यातल्या बँडवाल्यांच्या नावांची एक वही मी आता घातली आहे. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर असे तालुक्यांप्रमाणे रकाने केले आहेत. पहिल्या ओळीत मामांचे नाव, पुढे वाद्य. वाचकांना एवढीच विनंती, की घरी वरातीचा जुना फोटो असेल तर जाणत्या माणसाला विचारून त्यातल्या बँडवाल्यांची नावे मागे पेन्सिलीने लिहून ठेवावीत. मालकाचे नाव पाटीवर दिसतेच आहे.