तुटलेले घर आणि महिन्याचे एक पत्र : सुधारगृहांचा इतिहास

१/ कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिल्याने तो तुरुंग मराठी वाचकाला परिचित आहे. त्याच वास्तूत पुढे मुलांचे निरीक्षणगृह आले, हे मात्र फारसे ठाऊक नसते. कोंडलेल्या मुलाचा दिवस कसा जावा आणि त्याचे घराशी नाते काय असावे, या दोन प्रश्नांना कायद्याने दिलेल्या उत्तरांचा हा इतिहास.

२/ आरंभ १८५० च्या अप्रेंटिसेस कायद्यापासून. १० ते १८ वर्षांच्या मुलाला धंदा शिकण्यासाठी ७ वर्षांपर्यंत एखाद्या मालकाशी कराराने बांधून देण्याचा अधिकार बापाला किंवा पालकाला होता. मूल अनाथ, टाकून दिलेले, अथवा भटकेगिरी वा किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेले असेल, तर पालकाची भूमिका मॅजिस्ट्रेट घेई. बापाच्या जागी सरकार उभे राहिले, ते असे.

३/ १८५७ साली मुंबईत बगदादी ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा सुरू झाली. भारतातील अशा आद्य संस्थांपैकी ही एक. ती आज माहीमला आहे. हातात कसब आले की मूल गुन्ह्याकडे वळणार नाही, हा त्या काळाचा दृढ विश्वास होता.

४/ त्याला देशव्यापी रूप दिले १८७६ च्या रिफॉर्मेटरी स्कूल्स कायद्याने. त्याची जागा १८९७ च्या कायद्याने घेतली. १५ वर्षांखालील दोषी मुलाला तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठवता येऊ लागले. मुदत किमान ३ आणि कमाल ७ वर्षे. मात्र वयाच्या १८ व्या वर्षानंतर त्याला तेथे ठेवता येत नसे. म्हणजे अकराव्या वर्षी आत गेलेला मुलगा थेट अठराव्या वर्षी बाहेर येऊ शके. अवघे बालपण भिंतीआड.

५/ शाळेत काय असावे, हे कायद्याने नेमके सांगितले होते. रात्री मुलांना वेगवेगळे ठेवण्याची सोय, स्वच्छता, पाणी, अन्न, कपडे, अंथरूण-पांघरूण, धंदेशिक्षणाची साधने आणि आजाऱ्यांसाठी वेगळी जागा. ज्या काळी अनेक घरांत यातले निम्मेही नव्हते, त्या काळी ही यादी लहान नव्हे. घर मात्र या यादीत कोठेही नव्हते.

६/ नियम डावलून मुलाशी संपर्क साधणे, किंवा तसा नुसता प्रयत्न करणे, हा १८९७ च्या कायद्याने गुन्हा ठरवला. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद, २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम सर्वांनाच लागू होते. फाटकापाशी येणाऱ्या आईलाही ते सूट देत नव्हते. मजुरी करणाऱ्या कुटुंबाला २०० रुपये ही रक्कम केवढी वाटत असेल, याची कल्पना करता येईल.

७/ मुदतीआधी बाहेर पडण्याची एक वाटही घराकडे जात नव्हती. १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला परवान्यावर बाहेर राहता येई, पण ते त्याला कामावर ठेवणाऱ्या विश्वासू मालकाच्या देखरेखीखाली. यामागचा तर्क सरळ होता : मुलगा बिघडला तो त्याच्या परिसराने, म्हणून त्या परिसरापासून त्याला तोडा. आईबाप त्या परिसराचाच भाग धरले गेले.

८/ तरीही त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये एक दार किलकिले होते. सुधारशाळेत न धाडता मुलाला समज देऊन सोडण्याची, किंवा आईबाप, पालक अथवा जवळच्या प्रौढ नातलगाकडून १२ महिन्यांपर्यंतच्या चांगल्या वर्तनाचा मुचलका घेऊन त्याला त्यांच्या हवाली करण्याची मुभा न्यायालयाला होती. एरवी हा कायदा मुलग्यांपुरता. या कलमात मात्र मुलींचाही समावेश होता.

९/ हे दार रुंद झाले विसाव्या शतकात. मुलांची जागा तुरुंगात नाही, हे १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने ठासून मांडले. पाठोपाठ मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) प्रांतांनी मुलांसाठी कायदे केले. मुंबईत १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरीचा जुना तुरुंग मुलांच्या वाट्याला आला.

१०/ याच टप्प्यावर प्रोबेशन ऑफिसर हे नवे पात्र येते. तो मुलाच्या घरी जाई, शेजारपाजारी चौकशी करी आणि न्यायालयाला अहवाल देई. अशा कामाचे शिक्षण देणारी टाटांची समाजकार्य शाळा १९३६ साली मुंबईतच निघाली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. घराकडे अजूनही संशयाने पाहिले जाई. पण आता निदान कोणी त्याचा उंबरा ओलांडत होते.

११/ कायदे असूनही देशभर असंख्य मुले तुरुंगातच होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले आणि देशभर एकच कायदा असण्याची गरज सांगितली. त्याच वर्षी संसदेने बाल न्याय कायदा संमत केला. पुढे २००० आणि २०१५ साली नवे कायदे आले. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आणि मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, हे २०१५ च्या कायद्याचे घोषित तत्त्व आहे.

१२/ २००७ च्या केंद्रीय आदर्श नियमांत मुलांचा दिवस मांडलेला दिसतो : व्यायाम, वर्ग, धंदेशिक्षण, खेळ, प्रार्थना, रविवारी आणि सुट्टीला वेगळे कार्यक्रम. ही दिनचर्या भिंतींवर लावावी, असेही सांगितले आहे. १८९७ च्या यादीशी तिचे नाते उघड आहे. नवे आहे ते घराविषयीचे कलम. नातलगांना भेटीची मुभा आहे. मुलाला हवी तितकी पत्रे लिहिता येतात. अधीक्षक ती वाचू शकतो, पण पत्र अडवले तर कारण नोंदवावे लागते.

१३/ आणि घरच्यांचा ठावठिकाणा असेल, तर मुलाकडून महिन्याला निदान एक पत्र लिहिले जाईल हे पाहणे संस्थेचे कर्तव्य आहे. ज्या राज्यव्यवस्थेने कधी नियमाबाहेर मुलाशी बोलू पाहणाऱ्यावर २०० रुपयांचा दंड ठेवला होता, तिच्याच वहीत आता त्या पत्राच्या टपाल तिकिटाचा खर्च लिहायचा आहे. मधे ११० वर्षे गेली.