गुणवत्ता होती, दार बंद होते

"गुणवत्ता असेल तर संशोधनात जागा मिळतेच," असे आपल्याला कायम ऐकवले जाते. मग पर्सी ज्युलियन यांचे काय?

अमेरिकेतील अलाबामात १८९९ साली जन्मलेल्या या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञाचे आजोबा गुलाम होते. १९२० मध्ये ज्युलियन डीपॉ विद्यापीठात पहिले आले. शिष्यवृत्तीवर हार्वर्डला जाऊन १९२३ मध्ये एम.ए. झाले. पण गोरे विद्यार्थी काळ्या माणसाकडून शिकणार नाहीत, या सबबीखाली त्यांना अध्यापनाची जागा नाकारली आणि तिथली पीएच.डी. हुकली. ती १९३१ मध्ये व्हिएन्नात मिळाली, रॉकफेलर शिष्यवृत्तीच्या बळावर. १९३५ मध्ये त्यांनी जोसेफ पिकल यांच्यासह काचबिंदूवरचे फायसोस्टिग्मिन प्रयोगशाळेत बनवले. तरीही डीपॉने प्राध्यापकपद दिले नाही! १९३६ मध्ये ग्लिडन कंपनीने संशोधन विभाग सोपवला आणि त्यांनी सोयाबीनपासून संप्रेरके घडवली.

मित्रांनो, बाबासाहेबही १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. परतल्यावर त्याच बडोद्यात त्यांना राहायला घर मिळाले नाही. शिष्यवृत्ती दारापर्यंत नेते. आत बसू कोण देते, हा खरा प्रश्न आहे. म्हणून फेलोशिपसाठी लढतानाच प्रयोगशाळांतील पदांचाही हिशेब मागा.

जयभीम!