मल्लविनोद आणि तालीम

करवीरनजीक पंचगंगेच्या कांठीं कसबा बावडा हें गांव आहे. येथील लक्ष्मीविलास राजवाड्यांत ता. २६ जून १८७४ रोजीं श्रीशाहू छत्रपति यांचा जन्म झाला. त्यांच्या कुस्तीप्रेमाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें असल्यामुळें कोल्हापूरची मल्लविद्या ही केवळ राजाश्रयाची निर्मिति होय, असा समज रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

राजाश्रित मल्लविद्येचें जुनें वर्णन पाहावयाचें तर चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' घ्यावा. इ. स. ११३० च्या सुमाराच्या या ग्रंथांत 'मल्लविनोद' नांवाचें प्रकरण असून त्यांत मल्लांचे भेद व आहार यांचा विचार आहे. प्रयोजन नांवांतच उघड आहे: मल्ल पोसावयाचे ते राजाच्या मनोरंजनार्थ.

तालमीची गोष्ट निराळी. ती पेठेची, गल्लीची. 'तालीम' हा शब्द अरबी, अर्थ शिक्षण. 'हौदा'चें मूळही अरबीच. 'वस्ताद' व 'पहिलवान' फारसींतून आले. 'आखाडा' आणि 'माती' हे आपले. ही विद्या कोणा एका जातीची वा धर्माची मिरास नव्हती, याची साक्ष शब्दांची ही सरमिसळच देते. कोल्हापुरांतील कित्येक तालमींत गणपतीप्रमाणें मोहरमचे पंजेही बसतात. साहित्य तरी काय लागतें? चाळलेली तांबडी माती, तींत ताक, तेल, हळद व लिंबू, वर छप्पर आणि शिकविणारा वस्ताद. महाग असतो तो खुराक. आणि तेथेंच आश्रयदात्याची गरज लागते.

शाहू महाराजांनीं ती भागविली, आणि त्याहून अधिक केलें. ज्या १९०२ सालीं त्यांनीं मागासलेल्या वर्गांसाठीं शेंकडा ५० जागा राखून ठेवल्या, त्याच सालच्या युरोपच्या प्रवासांत त्यांनीं रोमची प्राचीन रंगभूमि पाहिली. पुढें १९१२ सालीं खासबाग मैदान बांधलें गेलें. मध्यें हौदा व भोंवतीं चढती बैठक अशी त्याची रचना असल्यामुळें शेवटच्या रांगेंतील शेतकऱ्यासही कुस्ती स्पष्ट दिसते. सोमेश्वराच्या काळीं राजाचा असलेला विनोद येथें रयतेचा झाला.

राजाश्रय हेंच सर्वस्व असतें, तर ता. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान विलीन होतांच ही विद्या मावळती. तसें झालें नाहीं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले, तेव्हां कोल्हापूरच्या महाराजांनीं साह्य केलें. १९५२ सालीं हेलसिंकीस जातेवेळीं मात्र लोकांनीं वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकर यांनीं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. त्या मोहिमेंत खाशाबांनीं कांस्यपदक मिळविलें.

तथापि या उदार संस्थेचें एक दार दीर्घकाळ बंद राहिलें. 'महाराष्ट्र केसरी'ची स्पर्धा १९६१ पासूनची. स्त्रियांची ती सांगलीस भरली २०२३ सालीं, आणि पहिला मान प्रतीक्षा बागडी यांस मिळाला. या अंतराशीं लदाखची तुलना बोधप्रद आहे. तेथें मातीऐवजीं गोठलेलें तळें. त्यावर बर्फावरील हॉकी गांवोगांव रुजली आणि मुलीही खेळूं लागल्या. बहुतांशी लदाखी मुलींच्या भारतीय संघानें २०२५ सालीं आशिया चषकांत कांस्यपदक जिंकलें. भूमि फुकट मिळाली म्हणजे खेळ सर्वांचा होतोच असें नाहीं. प्रवेशही द्यावा लागतो.

तो प्रवेश तालमींत कोणास, केव्हां व कोणाच्या शब्दावर मिळाला, हें सनदांवरून कळणार नाहीं. तें वर्गणीच्या वह्या, खुराकाचे हिशेब आणि मैदानांचीं हस्तपत्रकें यांवरून कळेल. संग्राहक मंडळी मोडी सनद दिसतांच ती जपून ठेवतात; तालमीची वही मात्र रद्दींत जाते. तालमीच्या जुन्या इमारतींचा जीर्णोद्धार होतांना माळ्यावरचे कागद प्रथम फेंकले जातात. वाचकांनीं आपापल्या पेठेंतील असे कागद आधीं मिळवावे, अशी आमची विनंति आहे.