लुनाच्या नगरात बॅटरीचे सांधे

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लुना बाजारात आणली. पायडल मारून सुरू होणाऱ्या त्या गाडीला बॅटरी नव्हती. ठिणगी आणि दिवा दोन्ही मॅग्नेटोवर चालत. पुढे दुचाकींत, सौरदिव्यांत आणि फवारणी पंपांत शिसे-आम्ल बॅटरी आली. तिचे सेल कारखान्यातच आतून जोडलेले असत. मेकॅनिकच्या वाट्याला दोन टर्मिनल येत. बोल्ट आवळायचा, क्षार चढले की गरम पाण्याने धुऊन ग्रीस लावायचे.

सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल विक्रीस आणला आणि कालांतराने हे काम पालटले. १८६५० नावाचा सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब आणि सुमारे ३.६ व्होल्टचा. ४८ व्होल्टच्या संचासाठी १३ गट एकापुढे एक जोडावे लागतात, आणि प्रत्येक गटात अनेक सेल समांतर. सांधे दोनावरून शेकड्यावर गेले.

सोल्डरिंगची सवय इथे नडते. सेलच्या पत्र्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवून ठेवले की उष्णता आत शिरते आणि प्लॅस्टिकचा पातळ पडदा बिघडू शकतो. म्हणून निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने बसवतात; प्रवाह काही मिलिसेकंदच वाहतो. साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीची पट्टी वापरतात. निकेल म्हणून मुलामा दिलेली लोखंडी पट्टीही खपवली जाते; तिचा रोध दुपटीहून अधिक. चुंबकाने ती ओळखू येत नाही, कारण निकेलही चुंबकाला चिकटते. घासून मिठाच्या पाण्यात ठेवली की मात्र गंज बोलतो. वेल्डची परीक्षा पकडीने होते: पट्टी ओढल्यावर ती फाटून निकेलचा ठिपका सेलवर राहिला, तर सांधा पक्का.

कच्चा सांधा तापतो. २५ अँपिअरला २ मिलिओहमचा सांधा सव्वा वॉट उष्णता देतो; प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. त्याहून फसवा प्रकार म्हणजे समांतर गटातला एखादा सेल सुटणे. संचावर लक्ष ठेवणारी बॅटरी व्यवस्थापन प्रणाली (बीएमएस) गटाचे व्होल्टेज पाहते, त्यामुळे सुटलेला सेल लगेच लक्षात येत नाही आणि त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो. खडबडीत रस्त्यावर हे अधिक घडते. म्हणून सेल होल्डरमध्ये घट्ट बसवतात, हादरा वेल्डवर येऊ देत नाहीत.

२०२२ मध्ये देशात विजेच्या स्कूटरना आगी लागल्यानंतर त्यांच्या बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ मानक कडक झाले. सुधारित तरतुदी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. कंपन, धक्का आणि शॉर्टसर्किटच्या चाचण्या या मानकात आहेत. वाहनांना प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकृत चाचणी संस्थांपैकी व्हीआरडीई ही नगरमध्येच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनची ई-लुना आली, २ किलोवॉट-तासाच्या लिथियम बॅटरीसह. तिच्या चासीसाठी कायनेटिक इंजिनिअरिंगने नगरच्या कारखान्यात स्वतंत्र उत्पादनरेषा उभारली. हे मानक मात्र वाहनांपुरते आहे. फवारणी पंपासाठी घरी बांधलेला संच त्यात येत नाही. तिथे तपासणी बांधणाऱ्याच्या पकडीवर आणि मल्टिमीटरवरच राहते.