नई तालीमचा समवाय आणि प्राथमिक इंग्रजीतील भूमिकाभिनय

प्राथमिक वर्गातील इंग्रजीचा विचार वर्ध्याच्या संदर्भात करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेपुढील योजनेत मॅट्रिकपर्यंतचे ज्ञान अपेक्षित होते. मात्र इंग्रजी वगळून व एका उद्योगाची भर घालून. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असे परिषदेने ठरविले. डॉ. झाकीर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमातही मातृभाषा व हिंदुस्थानी होती, इंग्रजी नव्हती.

या भूमिकेमागे इंग्रजीचा द्वेष होता असे म्हणता येत नाही. सेवाग्रामला पुढे शिक्षक-प्रशिक्षणाचे कार्य करणाऱ्या मार्जोरी साइक्स या जन्माने इंग्रजच होत्या. आक्षेप होता तो परक्या माध्यमाच्या ओझ्याला.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. तत्पूर्वी ती पाचवीपासून शिकविली जाई. मातृभाषेचा पाया खचेल, ही भीती तेव्हा व्यक्त झाली व ती निराधार नव्हती. परंतु इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून, या वादात ती कशी शिकवावी हा प्रश्न मागे पडला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या परंपरेत इंग्रजी ही प्रामुख्याने भाषांतराची व व्याकरणाची बाब होती. सहा वर्षांच्या मुलाला त्या वाटेने नेणे अशक्यच.

येथे नई तालीमचे समवायाचे तत्त्व उपयोगी पडते. ज्ञान कृतीशी जोडले जावे, हा त्याचा गाभा. भूमिकाभिनयात भाषा कृतीतूनच येते. आठवडी बाजाराचा प्रसंग घ्यावा: एक मूल भाजीवाली, दुसरे गिऱ्हाईक. कोणी काय मागायचे, भाव कुठे तुटायचा, हे मुले वऱ्हाडीत ठरवितात आणि मग भाव विचारण्याचे, पैसे देण्याचे एखाददुसरे वाक्य इंग्रजीत बोलतात. प्रसंग ओळखीचा असल्याने अर्थ आधीच हाती असतो. नवे असतात ते केवळ शब्द. हिंगणघाटच्या कापूस बाजारात बापाबरोबर गेलेल्या मुलाकडे तर ‘ट्रॅक्टर’, ‘जिनिंग’ हे शब्द आधीपासूनच असतात. मात्र शिक्षकाने तयार संवाद घोकून घेतले, तर ते पाठांतरच. वेशभूषा केली म्हणून त्याचा भूमिकाभिनय होत नाही.

नियोजन मुलांच्या भाषेतून होते, म्हणून इंग्रजी येथे मातृभाषेच्या जागी न येता तिच्यावर भर म्हणून येते. ज्या मुलाच्या घरी गोंडी बोलली जाते, त्याला मात्र शाळेतील मराठीही शिकावीच लागते. त्याची बाजाराची तयारी कोणत्या भाषेत होणार, हा प्रश्न १९३७ च्या ठरावातील ‘मातृभाषा’ या शब्दापर्यंत मागे जातो.