त्याआधी कोण?

आमची आजी बेथेलची. जालन्याजवळचं हे ख्रिस्ती गाव रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलं. आजी त्यांच्याविषयी बोलायची ती अशा थाटात, की कालच संध्याकाळी ते औरंगाबादच्या छावणीतल्या आमच्या ओट्यावर चहा पिऊन गेले असावेत. खरं तर तिच्या जन्माआधीच ते गेलेले. तिच्याकडे होत्या त्या तिच्या आजोबांच्या गोष्टी.

शेषाद्री ब्राह्मण, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. 1843 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि शहर ढवळून निघालं. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. तो अज्ञान म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. आजीच्या गोष्टीत श्रीपत इथेच संपायचा. पुढचं मी मोठेपणी वाचलं. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावं म्हणून खटपट केली, आणि त्यासाठी स्वतःच्याच लोकांचा रोष ओढवून घेतला. मिशनऱ्यांच्या विरुद्ध बाजूला उभा असलेला हा माणूसही मला तितकाच धीट वाटतो. आजीला हे आवडलं नसतं.

औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम पाहणारे रतनजी नवरोजी मूळचे पारशी. आजीच्या बोलण्यात शेषाद्री आणि रतनजी ही दोन्ही नावं मानाने यायची. पण बेथेलमध्ये राहायला आले ते बहुतेक मातंग आणि महार. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी घरं बांधली, शेतं केली. मिशनच्या इतिहासात त्यांची नावं सहसा सापडत नाहीत, आकडे सापडतात. ज्यांच्याकडे सोडायला मोठी जात होती, त्यांचं धाडस नोंदलं गेलं. बाकीच्यांनी भाकरीसाठी धर्म सोडला, असं म्हणून लोक मोकळे झाले.

आजीचे आजोबा जालन्याच्या बाजारात जायचे. कुणी विचारायचं, कोण तुम्ही? “ख्रिस्ती.” ते झालं हो, पण त्याआधी कोण? म्हातारा म्हणायचा, “त्याआधी उपाशी.”

हे सांगताना आजी इतकी हसायची की पदराने डोळे पुसायची. टोमणा मारणाऱ्याच्या हातातला दगडच काढून घेतलेला. मला नारायणरावांच्या सगळ्या गोष्टींपेक्षा हा एक शब्द मोठा वाटत आलाय.

तो प्रश्न पुढे सरकारी कागदावर आला. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. 1956मध्ये शीख आणि 1990मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. वडिलांना शाळेत घालताना गुरुजींनी भल्या मनाने सुचवलं, जुनी जात लावा, पोराची फी वाचेल. आजी म्हणाली, “रविवारी येक आन् सोमवारी येक, आसं न्हाई जमायचं.” दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ लागलं. वडिलांची शिष्यवृत्ती गेली, कॉलेज अर्धवट सुटलं. आईच्या श्रद्धेची किंमत आपण मोजली, हे त्यांनी जन्मभर ऐकवलं, आणि ‘ख्रिस्ती’ हा शिक्काही तितक्याच तोऱ्याने मिरवला.

काकांच्या वेळी आजोबांनी आजीला न विचारताच शाळा गाठली. काका कागदोपत्री हिंदू राहिले. सरकारी नोकरी लागली, टेबलाच्या खणात बायबल राहिलं. आमच्या फिया, पुस्तकं, ताईच्या लग्नाचा मांडव, सगळं त्यांच्या पगारातून. वडील त्यांना भेकड म्हणायचे, तेही जेवताना, काकांनीच भरलेल्या किराण्यातलं.

पण हेच काका रविवारी क्राइस्ट चर्चमधली उपासना सुटली की सायकल काढून घाटीत जायचे. घाटी म्हणजे आमचा सरकारी दवाखाना, अख्ख्या मराठवाड्याचे पेशंट तिथे जमिनीवर गाद्या टाकून पडलेले. ज्याच्याजवळ कुणी नाही त्याच्यापाशी ते उकिडवे बसत, पाणी पाजत, आणि विचारत, “मी ख्रिस्ती आहे, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?” नको म्हटलं तर वाईट वाटून घेत नसत, गोळ्या आणायच्या आहेत का, एवढं विचारून पुढच्या खाटेकडे वळत. हो म्हटलं तर तिथेच, सगळ्या वॉर्डादेखत, डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना. कुणी हसायचं, कुणी हात जोडायचं. एकदा त्यांच्या ऑफिसातला एक जण नातेवाइकाला बघायला आलेला. त्याने हे पाहिलं. काकांनी आमेन म्हणून डोळे उघडले, त्याला ओळखलं, “तुमचं कोण आहे इथं?” असं विचारलं आणि त्या खाटेकडेही गेले.

आजीने वडिलांना कितीदा तरी सांगितलं, जात जा त्याच्यासंगं. ते सायकलचं हँडल धरून घाटीच्या फाटकापर्यंत जायचे आणि बाहेरच थांबायचे. चारचौघांत डोळे मिटायची त्यांना लाज वाटायची.