लॉबिंग म्हणजे काय? ‘फ्री बेसिक्स’च्या उदाहरणातून समजून घ्या

लॉबिंग म्हटलं की टेबलाखालून पाकीट सरकवणारा माणूस डोळ्यासमोर येतो. पण ती झाली लाच आणि तो गुन्हा आहे. लॉबिंग म्हणजे एखादा कायदा किंवा नियम आपल्या सोयीचा व्हावा म्हणून मंत्री, अधिकारी, नियामक संस्था यांचं मन वळवण्याचा प्रयत्न. शेतकरी संघटना निवेदन देते तेही एका अर्थाने लॉबिंगच. फरक पडतो तो पैशाने. मोठ्या कंपनीकडे वकील असतात, दिल्लीत ओळखी असतात आणि जाहिरातींचं भलंमोठं बजेट असतं.

आपल्या मोबाईलशी थेट संबंध असलेलं उदाहरण घेऊ. २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांसाठी एक सेवा आणली. सुरुवातीचं नाव इंटरनेट डॉट ऑर्ग, नंतर ‘फ्री बेसिक्स’. त्यात ठरावीक वेबसाइट्स डेटा न कापता उघडायच्या. फुकट आहे, मग वाईट काय? अडचण अशी की यादीत कोणाला घ्यायचं याच्या अटी फेसबुकच्या. समजा, तुमच्या गावातल्या मुलाने भारी अ‍ॅप बनवलं पण ते यादीत नाही. मग लोक पैसे मोजून ते कशाला उघडतील? सगळ्या वेबसाइट्सना सारखी वागणूक मिळावी, या तत्त्वाला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात.

९ डिसेंबर २०१५ ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, यावर लोकांची मतं मागवली. वेगवेगळ्या वेबसाइटसाठी वेगवेगळा डेटा दर लावू द्यावा का, असा मुद्दा होता आणि चार प्रश्न विचारले होते.

इथे पैसा कामाला लागला. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती, रस्त्यांवर होर्डिंग. पण खरी ताकद वेगळीच होती. फेसबुक उघडलं की ‘फ्री बेसिक्स वाचवा’ असा मेसेज यायचा आणि बटण दाबलं की तुमच्या नावाने तयार ईमेल ट्रायकडे जायचा. ज्या कंपनीच्या फायद्याचा प्रश्न, तिच्याच अ‍ॅपमधून ‘जनमत’ तयार! तयार मजकूर विरोधकांनीही दिला होता, हेही सांगायला हवं. पण त्यात निदान विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती.

ट्रायकडे लाखो ईमेल आले. तरी ट्रायने नुसती मोजणी केली नाही. आम्ही काय विचारलं आणि तुम्ही काय पाठवलं, असं फेसबुकला पत्रातून कडक शब्दांत सुनावलं. सल्लामसलतीचं रूपांतर ठरवून घडवलेल्या मतचाचणीत होतंय, असा त्याचा सूर होता. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला: मजकूर पाहून डेटाचे दर बदलायचे नाहीत, नाहीतर दिवसाला ५० हजार रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत दंड. त्याच आठवड्यात फेसबुकने भारतातली ही सेवा गुंडाळली.

ही मोहीम निदान सगळ्यांना दिसत तरी होती. बंद खोलीतल्या भेटींचं काय? अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार कोणत्या विषयावर लॉबिंग केलं आणि किती खर्च झाला, हे जाहीर करावं लागतं. भारतात लॉबिंगसाठी असा स्वतंत्र कायदाच नाही. म्हणूनच भारतीय बाजारात शिरण्यासाठी वॉलमार्टने केलेल्या लॉबिंगवरून २०१२ मध्ये आपल्या संसदेत गदारोळ झाला, तो अमेरिकेतल्या कागदपत्रांमुळे! पक्षांना मिळणाऱ्या देणग्यांचंही तसंच. निवडणूक रोख्यांमागची नावं लोकांसमोर आली ती सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ती योजना रद्द केल्यावरच.

ट्रायचे असे सल्लामसलत पेपर आजही त्यांच्या वेबसाइटवर येत असतात. मत पाठवण्याची शेवटची तारीख त्यातच असते आणि टेलिकॉम कंपन्यांनी दिलेली उत्तरंही नंतर तिथेच वाचता येतात. ईमेल पाठवायचा असेल तर प्रश्नाचा नंबर टाकून, आपल्या शब्दांत उत्तर लिहा. आणि हो, मोबाईल नंबर वगैरे त्यात टाकू नका. २०१५ च्या एप्रिलमध्ये ट्रायने लोकांची मतं त्यांच्या ईमेल आयडीसकट वेबसाइटवर टाकली होती.